लक्झेंबर्गचं काळं तिकीट

बाबा, मंगळवारी मी ऑफिसात एका मुलीला रडवलं. मुलगी म्हणजे चांगली पंचवीस वर्षांची, केरळची, आमच्या बँकेत सहा महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चटपटीत. आमच्याकडे एक शिक्का असतो. गिऱ्हाईक पासपोर्ट घेऊन येतं, आपण मूळ पासपोर्ट हातात घेऊन बघायचा, त्याच्या झेरॉक्सवर ‘ओरिजिनल साइटेड’ असा शिक्का मारायचा आणि खाली सही करायची. अस्सल कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, अशी ती साक्ष. या बाईंनी गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची प्रिंट काढली आणि तिच्यावरच शिक्का मारून सही ठोकली. मी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार मुद्दाम उघडं ठेवलं. "डिड यू सी इट?" मी विचारलं. "मॅम, रेग्युलर कस्टमर है. कल लेके आएगा, इन्शाल्ला," ती म्हणाली. त्या इन्शाल्लाने माझं डोकं फिरलं. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "बिना देखे जो बोलता है कि मैंने देखा, उसके साथ मैं काम नहीं कर सकती." तिचे डोळे भरून आले, ती सॉरी मॅम, सॉरी मॅम म्हणत राहिली आणि मी मान वळवून कॉम्प्युटरकडे बघायला लागले. स्क्रीनवर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. ते वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ठीक होतं. माझ्या तोंडी ते शोभत नव्हतं, आणि का शोभत नव्हतं हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी. दुसरे तुम्ही नव्हतात, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

दुबईतलं आपलं करामाचं घर डोळ्यासमोर आणते. दोन खोल्या, खाली उडप्याचं हॉटेल, आणि स्वयंपाकघरात ती लांब ट्यूबलाइट, घरातली सगळ्यात लख्ख. तुम्ही बर दुबईतल्या एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन होतात. दिवसभर इमारतींचे नकाशे काढायचात आणि सुट्टीच्या दिवशी, तेव्हा ती शुक्रवारी असायची, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून टपालाची तिकिटं घेऊन बसायचात. बाकीचे लोक फुलं, पक्षी, आगगाड्या असली तिकिटं जमवायचे. तुम्ही धरलं होतंत लक्झेंबर्ग. का, असं कुणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं. "लहान राज्य धरावं. पुरं होण्याची आशा तरी असते." त्यावर आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "हो ना, आणि बाहेरच्या खोलीचे पडदे? ते राज्य कधी पुरं व्हायचं?" तुम्ही हसायचात आणि पडद्यांचं तसंच राहायचं.

त्या राज्याचा जो राजा पहिल्या तिकिटावर आहे त्याला तुम्ही ‘आपले महाराज’ म्हणायचात. महाराज खरे हॉलंडचे राजे. लक्झेंबर्ग त्यांच्याकडे वारशाने जोडीला आलेलं, आणि ते तिथे राहायचेही नाहीत. तिकीट इतकं साधं की त्यावर देशाचं नावसुद्धा नाही. नुसतं महाराजांचं तोंड आणि किंमत. दहा सेंटिमचं काळं आणि एका चांदीच्या ग्रोशेनचं तांबडं. "नाव कशाला लागतंय, तोंड बघून ओळखा, एवढा रुबाब," तुम्ही म्हणायचात. मग पुढची गोष्ट, जी मी शंभर वेळा ऐकली. महाराज वारले तेव्हा मागे मुलगाच उरला नव्हता, एक लहान मुलगी होती. हॉलंडची गादी तिला मिळाली, पण लक्झेंबर्गात मुलीला गादी नाही, असा घराण्यातला जुना करार. म्हणून भाऊबंदकीतले सत्तरी उलटलेले एक आजोबा आणून बसवले. तुमच्या अल्बममध्ये दुसऱ्या पानावर ते दाढीवाले आजोबा होते, तिसऱ्यावर त्यांचा मुलगा. त्या मुलाला पुन्हा सहाच्या सहा मुलीच. शेवटी करार मोडला आणि थोरलीला राणी केली. "शेवटी पोरीलाच द्यावं लागलं की नाही? मला तर एकच आहे. मला कुठे करार मोडायचाय?" असं म्हणून तुम्ही अल्बम माझ्याकडे सरकवायचात. त्या थोरलीला पुढे गादी सोडावी लागली आणि धाकट्या बहिणीने ती सांभाळली, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. ते मी फार उशिरा कुठेतरी वाचलं.

मी बारा वर्षांची असताना तुमचे डोळे बिघडायला लागले. साखरेमुळे आतला पडदा खराब होतोय, असं डॉक्टर म्हणाले. लांबचं दिसायचं, नकाशावरच्या जाड रेघा दिसायच्या, बारीक मात्र काही दिसेना. एका शुक्रवारी तुम्ही मला ओट्याजवळ बोलावलंत, आई अंघोळीला गेली होती, आणि म्हणालात, "ऑफिसात कळलं तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि महिन्याभरात आपण पुण्याला. हे आपल्या दोघांतच." आईलाही तुम्ही अर्धवटच सांगितलं होतंत. मला केवढा अभिमान वाटला तेव्हा! वर्गातल्या कुठल्याच मुलीच्या बाबांनी तिला असं काही सांगितलं नसणार.

त्या दिवसापासून तिकिटांपुरते तुमचे डोळे मी झाले. महाराजांच्या अस्सल तिकिटाची खूण कागदाच्या आत असते. कागद बनवतानाच त्यात महाराजांच्या नावाचं पहिलं अक्षर, डब्ल्यू, दाबलेलं असतं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीचं काळं झाकण घ्यायचं, त्यात तिकीट पालथं ठेवायचं, वर लायटरच्या पेट्रोलचे चार थेंब टाकायचे. ओल्या कागदात ते अक्षर दोन-तीन सेकंद गडद दिसतं, मग पेट्रोल उडून जातं आणि अक्षरही जातं. तुम्ही चिमट्याने तिकीट ठेवायचात, थेंब टाकायचात आणि विचारायचात, "महाराज दिसले?" मी झाकणावर वाकून म्हणायचे, "दिसले." मागून आईचा आवाज, "अहो, गॅस पेटलाय माझा! ते पेट्रोल आधी लांब न्या, नाहीतर आपणच दिसू सगळ्यांना उद्याच्या पेपरात!"

तुमचा एकच मित्र होता इथे. ऑफिसातले लोक ओळखीचे होते, मंडळातले लोक गणपतीपुरते होते. मित्र म्हणजे कराचीचे अंकल. देरामध्ये एका शिपिंग कंपनीत हिशेब बघायचे आणि शुक्रवारी जेवण झालं की अब्राच्या होडीत बसून खाडी ओलांडून यायचे. ते मोनाकोवाले. तुम्ही दोघं एकमेकांच्या राजांची टर उडवायचात. आंब्याच्या दिवसांत ते सिंधडीची पेटी आणायचे, तुम्ही मुंबईहून आलेला हापूस कापायचात, आणि दोघंही दुसऱ्याचा आंबा खाऊन झाल्यावर म्हणायचात की ठीक आहे, वाईट नाही. पुण्यात राहिला असतात तर कराचीच्या माणसाशी तुमची गाठ कशाला पडली असती? आईला बरं नव्हतं तेव्हा आठ दिवस त्यांच्या घरून माझा डबा आला होता, आपण शाकाहारी म्हणून वेगळ्या भांड्यात केलेला. हे सगळं मला माहीत होतं, बाबा. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तुम्ही सगळे जमायचात ते मीना बाजारातल्या एका सिंधी शेटजींच्या कापडाच्या दुकानात, वरच्या माळ्यावर. शुक्रवारी दुपारी दुकान बंद, त्यामुळे तागे बाजूला सारून सात-आठ जण बसायचे. तिथला एक रिवाज होता. तिकीट ज्या छोट्या पारदर्शक पाकिटात ठेवायचं, त्यावर खूण पाहिलेल्या माणसाने पेन्सिलीने अक्षर लिहायचं आणि सही करायची. सही असलेलं तिकीट दुसऱ्याने पुन्हा पेट्रोलात बुडवायचं नाही. कुणी बुडवलं तर तो सही करणाऱ्याचा अपमान. तुमच्या सहीला तिथे मान होता. शेटजी म्हणायचे, "साईं, इनका साइन है तो आँख बंद करके ले लो."

अंकलनी अर्धं आयुष्य मोनाकोत घालवल्यावर एकदा लहर म्हणून तुमच्याकडे महाराजांचं काळं तिकीट मागितलं. तुमच्याकडे एक होतंच, आणि परदेशातून मागवलेल्या पार्सलात दुसरं आलं होतं. त्यांच्याकडे तांबडं होतं, जे तुम्हाला काही केल्या मिळत नव्हतं. अदलाबदल ठरली. त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही दोन्ही काळी तिकिटं ओट्यावर घेता. मी तेरा वर्षांची आहे. खाली पार्किंगमध्ये मुलींनी बॅडमिंटनची जाळी बांधली आहे आणि मला तीन वेळा हाका मारून झाल्या आहेत. पहिलं तिकीट, थेंब, "महाराज दिसले?" दिसले, स्वच्छ दिसले. दुसरं तिकीट, थेंब, आणि त्याच क्षणी खालून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडतं की टीम पडतायत. मी खिडकीकडे बघते. परत झाकणाकडे बघते तेव्हा पेट्रोल उडून गेलेलं असतं. "दिसले?" तुम्ही विचारता. पुन्हा चार थेंब टाका, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणते, "दिसले." तुम्ही पेन्सिलीने पाकिटावर डब्ल्यू काढता, चाचपडत पण वळणदार, आणि खाली सही करता. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरते.

अंकलनी ते तिकीट सर्टिफिकेटसाठी युरोपात पाठवलं. संशय म्हणून नव्हे, हौस म्हणून. त्यांना ते फ्रेम करून लावायचं होतं. चार महिन्यांनी ते परत आलं. कागदात खूण नाही, तिकीट नक्कल. ते आपल्या घरी आले आणि किती अवघडून बसले होते! चहा संपेपर्यंत विषयच काढेनात. मग पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, "यार, होता है. थकी आँखों से हो जाता है. मेरे से भी होता." त्यांना तुमच्या डोळ्यांचं काहीच माहीत नव्हतं, ते सहज म्हणाले, पण तुमचा चेहरा उतरला. तुम्हाला वाटलं, कळलं की काय. ते गेल्यावर तुम्ही मला ओट्याजवळ उभं केलंत. तिकीट, झाकण, थेंब. "नीट बघ. महाराज आहेत?" मी नीट बघितलं. नव्हते. "नाहीत," मी खरं ते सांगितलं. तुम्ही झाकण पुसून बाजूला ठेवलंत. मग विचारलंत, "त्या दिवशी होते ना? तू पाहिले होतेस ना?"

रागावून विचारलं असतंत तर कदाचित मी कबूल केलं असतं. तुम्ही रागावला नव्हतात. तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात, की काही झालं तरी तुम्हाला माझाच शब्द धरायचाय. मी म्हणाले, "हो बाबा, पाहिले होते." एकदा खोटं आणि एकदा खरं, आणि दोन्ही जोडून तुम्हाला उत्तर एकच मिळालं. त्या दिवशी खूण होती, आज नाही. म्हणजे तिकीट बदललं. बदललं कुणी? ते ज्याच्याकडे होतं त्याने. तिकिटाच्या कोपऱ्यावर टपालाच्या ठशाची तुटकी काळी रेघ होती, अदलाबदलीच्या सकाळी पाहिलेली तीच रेघ, तिथेच. मला ती दिसत होती. तुम्हाला दिसत नव्हती. तुम्हाला दिसत नव्हती म्हणून तर मी तिथे होते ना? मी काही बोलले नाही.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला दुकानात घेऊन गेलात. मी नको म्हणत होते. तुम्ही पाकीट ताग्यावर ठेवलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मैंने जो दिया था वो ये नहीं है." अंकल हसले, त्यांना वाटलं चेष्टा. मग त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "आपने ठीक से देखा था? कसम से?" आणि बाबा, तुम्ही जे वर्षभर जिवापाड जपलं होतंत ते त्या माळ्यावर सगळ्यांपुढे टाकून दिलंत. "मैंने नहीं देखा. मेरेको अभी बारीक कुछ दिखता नहीं. मेरी बेटी ने देखा है. ये झूठ नहीं बोलेगी." सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंकल माझ्यासमोर उकिडवे बसले, माझ्या डोळ्यांच्या उंचीला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तुमने देखा था?" मी मान हलवली. हो म्हणून. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग उठले आणि म्हणाले, "तो फिर ठीक है. बच्ची ने देखा है तो ठीक है." तुम्ही त्यांचं तांबडं तिकीट परत द्यायला पुढे केलंत. त्यांनी घेतलं नाही. बूट घालून जिना उतरून गेले. त्यानंतर ते कधी खाडीच्या या बाजूला आले नाहीत, निदान आपल्याकडे नाहीत.

दोन वर्षांनी ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. आपण पुण्याला आलो. माझं शिक्षण, लग्न, मग नवऱ्याची आणि माझी नोकरी इथलीच, मी परत दुबईत. तुम्हाला डायलिसिसवर ठेवलं तेव्हा मी महिनाभर रजा घेऊन पुण्याला आले होते. तेव्हा मी तीस वर्षांची होते, एका मुलीची आई होते. एका दुपारी हॉस्पिटलमध्ये तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तो तसा माणूस नव्हता गं." कोण, हे मला विचारावं लागलं नाही. थोड्या वेळाने म्हणालात, "पण तू तर स्वतः पाहिलं होतंस." ते वाक्य प्रश्नासारखं होतं की नव्हतं, मी अजून ठरवू शकलेले नाही. खोलीत आपण दोघंच होतो. नर्स यायला अवकाश होता. मी तुमची उशी सारखी केली आणि म्हणाले, "आता कशाला तो विचार, पडा जरा." सहा दिवसांनी तुम्ही गेलात.

परवा हे सगळं मी तुमच्या नातीला सांगितलं. तांबडं तिकीट कपाटातून काढताना तिने बघितलं म्हणून सांगावं लागलं. "हू इज धिस ग्रम्पी ओल्ड मॅन?" म्हणाली. मी म्हटलं, महाराज. "महाराज? ही लुक्स लाइक अ बँक मॅनेजर." गोष्ट पुरी ऐकल्यावर मात्र ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बट आई, यू वर जस्ट अ किड." हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आले आहे! ओट्याजवळ मी लहान होते, कबूल. दुकानातही लहान होते म्हणू. हॉस्पिटलात मी लहान नव्हते. तिथे मला फक्त तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, आणि त्यासाठी मी तुम्हाला एका भल्या माणसावरचा चोरीचा आळ तसाच मनात घेऊन जाऊ दिलं. याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे. लेकीला म्हणून दाखवायचं धाडस झालं नाही.

मंगळवारी त्या मुलीला बोलले, बुधवारी तिच्या टेबलावर इथला दाट करक चहा नेऊन ठेवला आणि सॉरी म्हणायच्या ऐवजी एसीच्या गारठ्याबद्दल बोलून परत आले. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मीना बाजारात गेले. दुकान आहे अजून, आता शेटजींचा मुलगा बघतो. त्याने वडिलांच्या जुन्या वहीतून नंबर काढून दिला. अंकल शारजाला मुलीकडे असतात. शनिवारी, म्हणजे काल, मी गेले.

ऐंशीच्या पुढचे झाले आहेत, पाठीत वाकलेत, पण डोळे स्वच्छ. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः टीव्हीचा आवाज बंद केला. मी पाठ करून गेले होते, तरी सगळं उलटसुलट झालं. बॅडमिंटन आधी आलं, तिकीट नंतर. ठशाची रेघसुद्धा सांगितली. शेवटी मी म्हणाले, "अंकल, आपने कुछ नहीं बदला था. मैंने देखा ही नहीं था." ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बेटा, मुझे क्यों बता रही हो? मैंने नहीं बदला, ये तो मुझे मालूम था. तो तुमने नहीं देखा, ये भी उसी दिन मालूम हो गया था." मी म्हटलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत? "तुम्हारा बाप सबके सामने बोल चुका था कि मेरी बेटी झूठ नहीं बोलती. उसके बाद मैं क्या बोलता?" आणि मग, "जिसको मालूम नहीं था, उसको बताना था. उसे आख़िर तक यही लगता रहा?"

मी हो म्हणाले. बाबा, तुम्ही हॉस्पिटलात काय म्हणाला होतात तेही सांगितलं, की तो तसा माणूस नव्हता. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी पाकीट पुढे केलं. त्यावर त्यांचीच पेन्सिल होती, डब्ल्यू आणि खाली उर्दूत सही. मला वाटलं होतं, राहू दे म्हणतील. त्यांनी ते घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, म्हणाले, "हाँ, ये मेरा है," आणि खिशात ठेवलं. चहा आला, आम्ही तो प्यायलो. निघताना त्यांच्या मुलीने पुन्हा या म्हटलं. त्यांनी म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, आणि मी कुठल्या तोंडाने मागणार होते?

तर ज्याला सांगायचं होतं त्याला सांगायला बसले आहे. तुम्ही ज्या मित्राला चोर समजून गेलात तो चोर नव्हता. तुमचा अंदाज बरोबर होता, तो तसा माणूस नव्हता. तुमच्या घरात खोटं बोलणारं माणूस एकच होतं आणि तुम्ही त्याच्याच शब्दावर तुमची सही केलीत. हे कागद बँकेच्या प्रिंटरमधले आहेत, बाजू कोरी बघून आणले. त्यांवर पत्ता कुणाचा घालणार? उद्या ऑफिसला जाऊन त्या मुलीला दार उघडं ठेवूनच सॉरी म्हणायचं, एवढं ठरवलंय. ते होईल.

एक मात्र मी अंकलना सांगितलं नाही, लेकीलाही नाही. दुकानातून आपण परत आलो त्या दिवसापासून शुक्रवारचं ते ओट्याजवळचं बसणं बंद झालं. तुम्ही बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून भिंतीकडे तोंड करून बसायचात. मला कुणी हाक मारेना, थेंब नाहीत, झाकण नाही, महाराज दिसले का, हा प्रश्न नाही. मी पहिल्या डावापासून खेळायला खाली असायचे. आणि मला बरं वाटायचं, बाबा. खूप बरं वाटायचं.